दसईंच्या आधीचे निर्णय: काठमांडूतल्या एका बालगृहाचं प्रकरण

हे प्रकरण एका प्राथमिक शिक्षिकेचं आहे. बिनपगारी रजा टाकून ती काठमांडूतल्या एका बालगृहात शिकवायला गेली आणि तिथे ‘अनाथ’ म्हणून नोंदवलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे आईवडील हयात असल्याचं तिच्या लक्षात आलं. परदेशी स्वयंसेवेला निघालेल्यांशी जाण्याआधी आणि तिथे असताना बोलत राहणं हे माझं काम आहे. ही शिक्षिका मात्र माझ्याकडे पोचली ती तिथे अडचणीत सापडल्यावर. तिच्या आणि तिला मदत करणाऱ्या तिथल्या स्थानिक संस्थेच्या संमतीने मी हे लिहिते आहे. वर्ष, वस्ती, मुलांची वयं आणि काही तपशील बदलले आहेत. कोणता निर्णय कशानंतर घेतला, तो क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

शिक्षिका पस्तिशीतली, बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवत आलेली. जागा तिने एका मध्यस्थ कंपनीमार्फत ऑनलाइन मिळवली. आठवड्याला १५,००० भारतीय रुपये भरायचे, त्यात राहणं, जेवण आणि ‘संस्थेला मदत’. भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, म्हणजे आठवड्याचे २४,००० नेपाळी रुपये झाले. यातले बालगृहापर्यंत किती पोचतात, असं तिने ईमेलमध्ये विचारलं होतं. बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं आली, याचं आलं नाही.

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायची आणि काम करायची मोकळीक आहे. इतर देशांच्या लोकांचं तसं नाही. पर्यटक व्हिसावर तिथे बिनपगारी कामसुद्धा करता येत नाही, तरीही त्या बालगृहात येणारे युरोपीय तरुण झाडून सगळे पर्यटक व्हिसावरच आलेले होते. आपल्याला मिळणाऱ्या मोकळिकीचा एक तोटा आहे: एक चाळणी आपोआप गळून पडते. शिक्षिकेकडे कुणी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला नाही. आधीच्या मुख्याध्यापकांना फोन केला नाही. मुलाखत झाली नाही. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला लहान मुलांच्या आंघोळीला हातभार लावायला सांगितलं आणि मोठी माणसं आपापल्या कामाला निघून गेली.

निर्णयाची पहिली जागा इथेच होती, असं माझं मत आहे. जी संस्था तुमच्याबद्दल काही न विचारता तुमच्या हाती मुलं सोपवते, ती तुमच्या आधी आलेल्या आणि नंतर येणाऱ्या माणसाच्या हातीही तशीच सोपवते. शिक्षिकेला हे खटकलं, पण शहर नवीन होतं, भाषा अर्धवट कळत होती, आणि आल्या आल्या नाही म्हणणं तिला उद्धटपणाचं वाटलं. अनोळखी शहरात पहिल्या आठवड्यात माणूस फार गोष्टी चालवून घेतो. मायक्रोबस कुठे थांबते, शनिवारी सुट्टी आणि रविवारी शाळा हे गणित कसं जमवायचं, पाणी कधी येतं, यातच सगळं लक्ष जातं.

बालगृह रिंग रोडच्या बाहेर, उत्तरेकडच्या एका वस्तीत, भाड्याच्या तीन मजली घरात होतं. १९ मुलं, ५ ते १४ वयाची. चालवणारे गृहस्थ, त्यांना सगळे ‘सर’ म्हणायचे, आणि स्वयंपाकापासून तापात रात्र जागण्यापर्यंत सगळं पाहणाऱ्या एक दिदी. मुलं जवळच्या खासगी शाळेत जायची.

ही मुलं तिथे कशी आली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात कर्णालीसारख्या दुर्गम भागातून मुलांना बाहेर काढण्याचा एक धंदाच उभा राहिला. मध्यस्थ गावात यायचा, ‘मुलाला काठमांडूत चांगल्या बोर्डिंगमध्ये घालतो’ म्हणायचा आणि आईबापांकडून पैसे घ्यायचा. ते पैसे उभे करायला कुणी जमीन गहाण टाकली, कुणी जनावर विकलं. शहरात आल्यावर त्याच मुलांचे अनाथ असल्याचे कागद तयार व्हायचे, कारण अनाथ मुलासाठी परदेशी देणगी मिळते आणि गरीब आईबापाच्या मुलासाठी सहसा मिळत नाही. संघर्ष संपला, वाट मात्र मोडली नाही. आजही नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन अशा मोजक्या जिल्ह्यांत, म्हणजे जिथे पर्यटक येतात तिथे एकवटलेली आहेत, आणि त्यांतल्या बहुतांश मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात आहेत. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर सरकारने नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले, ते याच अनुभवामुळे.

वह्यांनी सांगितलेलं

पहिल्या संध्याकाळी मुलं तिला बिलगली. दोन हातांना चार मुलं, मांडीवर एक, पाठीवर एक. घरी फोन करून ती म्हणाली, इतकं प्रेम मला माझ्या वर्गात कधी मिळालं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिच्यातली शिक्षिका जागी झाली. ती इंग्रजीतून रंग आणि फळं शिकवत होती. तिने चित्रावर बोट ठेवायच्या आधीच एक मुलगी उत्तर द्यायची, आणि मग शेजारच्या लहानग्याला हळूच ढोसायची, म्हणजे तोही म्हणेल. शिक्षिकेने तिच्या जुन्या वह्या मागितल्या. कपाटातून सहा वह्या निघाल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर वेगळ्या अक्षरात ‘माय नेम इज’, मग रंग, मग फळं, मग एखाद्या प्राण्याचं चित्र, आणि आठ-दहा पानांनंतर कोरी. दर नवा स्वयंसेवक पहिल्यापासून सुरुवात करायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी परत जायचा. मुलीला रंग चार वर्षांपासून येत होते. समोरच्या मिसला वाईट वाटू नये म्हणून ती पुन्हा शिकत होती.

या वह्यांमुळेच ती माझ्याशी बोलली. एका मैत्रिणीकडून माझा नंबर मिळाला आणि तिने विचारलं, ‘ताई, माझं इथे नेमकं काम काय आहे?’

बिलगण्याबद्दल मी तिला जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण चांगल्या मनाची माणसं याच ठिकाणी फसतात. स्वतःच्या माणसांत वाढणारं पाच वर्षांचं मूल अनोळखी बाईला पाहिल्यावर आधी आईच्या पदराआड जातं, अंदाज घेतं, मग पुढे येतं. कुणालाही, पहिल्याच मिनिटाला बिलगणारं मूल बरेचदा ते मूल असतं ज्याच्या आयुष्यात टिकून राहणारं माणूस नाही. रुमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांचा बुखारेस्टमध्ये दीर्घकाळ अभ्यास झाला, त्यात हे वागणं ठळकपणे दिसलं आणि कुटुंबात लवकर गेलेली मुलं अधिक सावरली हेही दिसलं. दर महिन्याला नवीन प्रेमळ माणूस येणं आणि जाणं ही त्या मुलासाठी त्याच जखमेवरची नवी खरवड असते. जाणाऱ्याला मात्र ते आयुष्यातलं सर्वात सुंदर प्रेम वाटतं.

कागद

सरांना देणगीदारांसाठी मुलांची माहितीपत्रकं इंग्रजीत टाइप करून हवी होती. युरोपीय स्वयंसेवकांना नेपाळी वाचता येत नाही. शिक्षिकेला देवनागरी येते, म्हणून फायली तिच्या हाती दिल्या. याचा अर्थ काय होईल, हे सरांच्याही ध्यानात आलं नसावं.

नऊ वर्षांच्या एका मुलाच्या फायलीत दोन कागद होते. एक गावच्या कार्यालयाचं शिफारसपत्र: वडील वारले, आई वारली, पालनपोषण करणारं कुणी नाही. त्याच्या मागे चुकून राहिलेला शाळेचा प्रवेशफॉर्म: वडिलांच्या नावामागे ‘स्व.’ नाही, आईच्या नावामागेही नाही, खाली अभिभावक म्हणून मामाचं नाव आणि मोबाइल नंबर. तिने दुसऱ्या फायली लक्ष देऊन वाचल्या. दोन वेगळ्या गावांच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या मुलांची शिफारसपत्रं एकाच अक्षरात होती.

तिने कपाट फोडलं नाही की रात्री चोरून फोटो काढले नाहीत. जे कागद तिला काम म्हणून दिले होते, त्यातल्या विसंगती तिने स्वतःच्या वहीत तारखेसह लिहून ठेवल्या आणि मूळ कागद होते तसे परत ठेवले. ही तिची समज मला फार मोलाची वाटते. फोटो तिच्या फोनमध्ये सापडले असते, तर पहिल्यांदा ते मूळ फॉर्म नाहीसे झाले असते.

त्याच सुमारास दसईंची चाहूल लागली. नेपाळमधला हा सर्वात मोठा सण. काठमांडू निम्मं रिकामं होतं, बस मिळत नाहीत, जो तो वडीलधाऱ्यांच्या हातून टीका आणि जमरा, म्हणजे जवाचे कोवळे अंकुर, घ्यायला गावी निघतो. बालगृहातली मुलं कुठेच जाणार नव्हती. एका संध्याकाळी बारा वर्षांच्या मुलीने भांडी विसळता विसळता विचारलं, ‘मिस, या वेळी तरी घरी सोडतील?’ आणि त्या नऊ वर्षांच्या मुलाने तिच्या फोनकडे बोट दाखवून म्हटलं, आमाला, म्हणजे आईला, एक फोन लावून द्या.

नंबर तिच्याजवळच्या फायलीत होता. त्या रात्री तिने मला विचारलं, लावू का?

या प्रकरणातला हा सर्वात अवघड क्षण आहे आणि आजही मी त्याच्या दोन्ही बाजू मांडते. फोन लावणं ही साधी माणुसकी होती. मुलाला आईचा आवाज ऐकायचा हक्क आहे. पण फोननंतर काय, याचं उत्तर आम्हा दोघींकडे नव्हतं. मुलगा ते इतरांना सांगणार, सरांना कळणार, आणि मग शिक्षिका खोलीत नसताना त्या मुलाला काय भोगावं लागेल हे सांगता येत नव्हतं. आई घाबरून तशीच निघाली आणि इथे तिला दारातून परतवलं तर? मुलाला एका रात्रीत दुसऱ्या बालगृहात हलवलं तर? मी सांगितलं, आज नको, पण त्याला ‘नंबर नाही’ असं खोटंही बोलू नकोस. ती त्याला एवढंच म्हणाली: तू विचारलंस ते मी लक्षात ठेवलंय, मी आत्ता लावू शकत नाही. मुलगा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

समोरचे पर्याय

मुकाट्याने निघून यायचं, हा पहिला विचार. पैसे बंद झाले असते, मनस्ताप संपला असता, पण फायलीत काय आहे हे माहीत असलेलं एकमेव बाहेरचं माणूस निघून गेलं असतं.

राहायचं आणि शिकवत राहायचं, कारण मुलांचा काय दोष, हा दुसरा. मनाला हाच सगळ्यात जवळचा वाटतो. मात्र तिच्या आठवड्याच्या पैशांवर आणि तिच्यासोबतच्या फोटोंवरच पुढचं मूल आणलं जाणार होतं. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने देणग्यांसाठी मुलांना अनाथालयात आणणं हे मुलांच्या तस्करीचंच रूप आहे, अशी उघड चर्चा झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ च्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीकडे देशांचं लक्ष वेधलं. हे तिला मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

सरांना थेट जाब विचारायचा, किंवा सगळं समाजमाध्यमांवर टाकायचं, असे आणखी दोन मार्ग तिच्या मनात होते. जाब विचारला असता तर कागद गेले असते आणि मुलं पांगली असती. समाजमाध्यमांवर मुलांचे चेहरे कायमचे राहिले असते. बारा वर्षांच्या मुलीला उद्या गावात ‘ती विकलेली’ म्हणून ओळखलं जावं, असा अधिकार कुणालाच नाही.

उरला तक्रारीचा रस्ता. नेपाळमध्ये मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. २०१८ च्या बालबालिकाविषयक कायद्यानुसार मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय आहे, आधी नातेवाईक आणि कुटुंबं पाहायची. त्याच कायद्याने राष्ट्रीय बाल अधिकार परिषद आली आणि पालिका पातळीवर बालकल्याण अधिकाऱ्याची तरतूद झाली. कायदा चांगला आहे. भीती होती ती घाईची: एखाद्या सकाळी गाडी येऊन १९ मुलं उचलून दुसऱ्या अनोळखी इमारतीत नेली, तर त्यांच्यासाठी ते आणखी एक उपटलं जाणंच ठरलं असतं.

काय केलं

आम्ही काठमांडूतल्या एका छोट्या संस्थेला गाठलं. हरवलेली कुटुंबं शोधून मुलांना घरी पोचवणं हेच तिचं काम. तिथले कार्यकर्ते, शिक्षिका त्यांना दाइ, म्हणजे दादा, म्हणते, वहीतल्या नोंदी वाचताच एका ओळीवर थांबले. शिफारसपत्राची तारीख विक्रम संवत २०७५ ची होती आणि शिक्का गाविसचा, म्हणजे गाव विकास समितीचा. मार्च २०१७ मध्ये गाविस बरखास्त होऊन गाउँपालिका, म्हणजे ग्रामीण पालिका, आल्या होत्या. २०७५ हे २०१८-१९ चं वर्ष. जे कार्यालय वर्षभरापूर्वीच संपलं होतं, त्याने हे पत्र दिलं होतं. जुनी छापील पत्रं काही काळ वापरात राहतात, म्हणून एवढ्याने खोटेपणा सिद्ध होत नाही, असं दाइंनीच बजावलं. पण चौकशी सुरू करायला ते पुरेसं होतं.

तक्रार शिक्षिकेच्या नावाने न जाता त्या संस्थेमार्फत बालकल्याण अधिकाऱ्याकडे गेली. छापा नको, आधी कुटुंबशोध, असं त्यांनी मिळून ठरवलं. दाइंनी मामाचा नंबर लावला. मामाने आईला जोडून दिलं. तिच्या समजुतीप्रमाणे मुलगा ‘बोर्डिंगमध्ये’ होता. पहिली दोन वर्षं भेटायला येऊ नका, मुलाचं मन लागत नाही, असं तिला सांगितलं होतं, मग सांगणारा माणूस फोन उचलेनासा झाला.

मधल्या काळात शिक्षिकेने तिथे थांबायचं की नाही? आम्ही ठरवलं, परतीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत थांबायचं, पण काम बदलायचं. माहितीपत्रकं टाइप करणं तिने तब्येतीचं कारण सांगून सोडलं. आंघोळ, झोपवणं, एकेकट्या मुलाबरोबर खोलीत बसणं बंद केलं. मुलांचे फोटो काढणं थांबवलं. संध्याकाळच्या अभ्यासाला ती दिदींच्या शेजारी बसू लागली. दिदींना वाचता यायचं, शिकवायचा धीर नव्हता. कुणाचा गृहपाठ कसा तपासायचा, गणित अडलं तर शाळेतल्या कोणत्या शिक्षकाला विचारायचं, मोठ्या मुलांकडून लहानांना कसं वाचून घ्यायचं, हे तिने दिदींबरोबर बसवलं. दहा दिवसांनी मुलं प्रश्न घेऊन दिदींकडे वळायला लागली. त्या रात्री शिक्षिकेने मला फोन केला तेव्हा तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी उत्साह होता.

मुलांकडून घरची माहिती तिने खोदून काढली नाही, यावर दाइंचा कटाक्ष होता. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, ‘मग तुला कोणी आणलं?’ असं विचारायचं नाही. उत्तर सुचवून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पुढे चौकशीत टिकत नाहीत, आणि मूल त्या आठवणीत एकटं पडतं.

निरोपाची तयारी तीन आठवडे आधी झाली. तिने भिंतीवरच्या पात्रोत, म्हणजे दिनदर्शिकेत, जाण्याच्या दिवसाला गोल केला आणि सगळ्यांना एकदमच सांगितलं. ‘पुन्हा येईन’ म्हणाली नाही. फोन नंबर दिला नाही, भेटवस्तू वाटल्या नाहीत. शेवटच्या दिवशी एका वहीत प्रत्येकाने काय शिकलं ते लिहिलं आणि ती वही दिदींकडे ठेवली, म्हणजे पुढचा माणूस पुन्हा रंगांपासून सुरुवात करणार नाही. ज्या मुलाला फोन लावून दिला नव्हता, तो शेवटी दारापर्यंत आला. तेव्हा त्याचं आईशी दाइंच्या समोर, ठरवून, दोनदा बोलणं झालेलं होतं.

काय निष्पन्न झालं

१९ पैकी १४ मुलांची कुटुंबं सापडली. सगळी लगेच घरी गेली नाहीत, जायलाही नको होती. फोन, मग भेट, मग सणाला काही दिवस राहून येणं, मग कायमचं जाणं, आणि त्यानंतरही विचारपूस, अशा पायऱ्यांनी ते झालं. त्या वर्षीच्या दसईंत पाच मुलं गावी गेली. नेपालगंजपर्यंत रात्रीची बस, तिथून पुढे डोंगरात.

नऊ वर्षांचा मुलगा आईकडे राहिला. सोपं गेलं नाही. गावची बोली तो विसरला होता, शाळा पाचवीपर्यंतच होती, शेण काढायला सांगितलं की रडायचा. आईही त्याला पाहुण्यासारखं वागवायची. वर्षभर संस्थेचा माणूस जाऊन येत राहिला म्हणून ते घर सांभाळलं गेलं. बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट वेगळी झाली. वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं आणि त्या घरात तिला जागा नव्हती. ती आजीकडे गेली, आजी थकलेली, तरी ‘घर’ म्हणजे तिला तेच हवं होतं. तीन मुलांना परत जाण्यासारखं कुणीच नव्हतं. ती एका कुटुंबात वाढत आहेत. दोघांचं अजून ठरलेलं नाही.

बालगृह बंद झालं. सरांवर कारवाई सुरू झाली, ती कुठवर पोचली हे इथे लिहिणं योग्य नाही. त्यांच्या एका म्हणण्याचा मात्र विचार करावा लागतो. ते म्हणाले होते, मुलं घरी गेली तर शाळा सुटेल. कागद खोटे होते, पण हा प्रश्न खरा आहे. आईबापांनी मुलं पाठवली ती शाळेसाठीच. गावात आठवीपर्यंत गणित आणि इंग्रजी शिकवणारा शिक्षक असता तर त्या मध्यस्थाला दारात उभं राहायला जागा मिळाली नसती.

वेगळं काय करता आलं असतं

दिदींचं. बालगृह बंद झाल्यावर त्यांचं काम गेलं. १९ मुलांच्या आयुष्यातलं टिकलेलं माणूस त्या होत्या, आणि आमच्या आखणीत त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मुलांच्या घरच्या भेटींना त्यांना सोबत नेलं असतं, तर लहान मुलांना ते जाणं पुष्कळ सोपं गेलं असतं. दाइंची संस्था आता प्रत्येक प्रकरणात सांभाळणाऱ्या बाईला पहिल्या बैठकीपासून बोलावते.

जाण्याआधीचं. आंघोळीच्या त्या पहिल्या सकाळीच शिक्षिकेने ‘मला मुलांसोबत एकटं ठेवू नका’ म्हणायला हवं होतं, असं ती आता स्वतःच नव्याने निघणाऱ्यांना सांगते. मी त्याच्याही आधीचं सांगते. निघण्यापूर्वी लेखी विचारा: मुलांपैकी किती जणांचे आईवडील हयात आहेत, ती घरी किती वेळा जातात, गेल्या वर्षी किती मुलं कुटुंबात परतली, माझ्या शुल्कातून काय होतं, आणि तुम्ही माझ्याबद्दल काय तपासणार आहात. ज्या संस्थेला मुलं घरी परतवायची आहेत, तिच्याकडे पहिल्या तीनची उत्तरं तयार असतात. उत्तर टाळलं गेलं तर पैसे भरू नका.

फोनचं. आज तोच प्रश्न आला तरी मी ‘आज नको’ असंच म्हणेन. पण दाइंसारख्या माणसाचा नंबर पहिल्या दिवशी तिच्या खिशात असता, तर ते ‘आज’ इतकं लांबलं नसतं. नव्या शहरात मुलांसोबत काम करायला जाणाऱ्याने राहायची जागा शोधण्याआधी तिथली मुलांची हेल्पलाइन, पालिकेतला जबाबदार अधिकारी आणि कुटुंबशोधाचं काम करणारी एक स्थानिक संस्था, हे तीन संपर्क मिळवावेत.

शिक्षिका पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नेपाळला गेली, या वेळी कर्णालीत. तिथल्या एका गाउँपालिकेने पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी वाचन शिकवण्याचं शिबिर ठेवलं होतं आणि दाइंच्या ओळखीने तिला बोलावलं होतं. जाण्याआधी तिने पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढला. कुणी मागितला नव्हता, तरी तिने पोचल्यावर पहिल्यांदा तोच पालिकेच्या शिक्षण शाखेत जमा केला.